अगं, डाएट चिवडा संपला कसा?

ये, बस. चहा टाकलाय. आणि ते 'लो फॅट' बिस्किटांचं पाकीट पर्समध्ये लपवू नकोस, पाहिलंय मी. माझंही हेच व्हायचं. डाएट चिवडा आणायचे, तेल कमी म्हणून वाटी भरून घ्यायचे, मालिका संपेपर्यंत दुसरी वाटी. शनिवारचा अर्धा किलो मंगळवारी गायब! आणि दिवाळीत आईच्या हातचा चिवडा मूठभर घ्यायला मात्र आढेवेढे.

पाकिटावर खोटं लिहितात असं नाही गं. बिस्किटासारख्या घन पदार्थात 100 ग्रॅममागे 3 ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नसेल, तरच आपल्याकडे 'लो फॅट' लिहिता येतं. पण 'रिड्यूस्ड फॅट' म्हणजे फक्त मूळ मालापेक्षा कमी. मूळ मालच तेलात न्हालेला असला तर? शिवाय फॅट काढलं की चव पळते, मग कित्येकदा साखर नाहीतर स्टार्च येऊन बसतो. पाकीट उलटं करून साखरेचा आकडा वाच.

दुधाचंच बघ. एक ग्रॅम फॅट म्हणजे 9 कॅलरी, साखर 4. दीडशे मिली फुल क्रीम दुधात 9 ग्रॅम फॅट, टोन्डमध्ये साडेचार. चाळीसेक कॅलरी वाचल्या. 'हलकं दूध' म्हणून दोन चमचे साखर जास्त घातलीस, की गेल्या.

नणंदेच्या लग्नाआधी मी तीन आठवडे सूपवर काढले होते, आठवतं? पूजेपर्यंत ब्लाउज पुन्हा घट्ट! खरा फरक पडला तो तेलाच्या डब्याने. आम्हा चौघांना महिन्याला पाच लिटर लागायचं, ते चारवर आणलं. फोडणीला पळीऐवजी चमचा, बस्स. माणशी रोजचं साडेसात ग्रॅम तेल कमी झालं आणि घरात कुणाला पत्ताही नाही. दुपारच्या जेवणात उसळ वाढवली, तशी पाचची ती वखवख थांबली. रात्री जेवल्यावर सोसायटीत चार फेऱ्या, त्याही गप्पा मारत.

वर्षात चार किलो उतरले. नाक मुरडू नकोस, तीन वर्षं झाली, परत चढलेले नाहीत.

दे ते पाकीट इकडे. दोन तू खा, दोन मी. उरलेली इथेच ठेवून जा.