मानवशास्त्रात एमए : फी कमी, खर्च फिरण्याचा

आधी एक ठरवा. विषय शिकायचाय, की फक्त यूपीएससी द्यायचीय? फक्त यूपीएससीसाठी एमएला प्रवेश घेऊ नका. मानवशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घ्यायला त्यातली पदवी लागत नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर तो निवडू शकतो. पेपर दोन, गुण प्रत्येकी २५०. एमपीएससीच्या नव्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेतही हा विषय आहे. क्लासच्या महागड्या नोट्स घेण्याआधी इग्नूचं साहित्य 'ई-ज्ञानकोश'वरून उतरवून घ्या. ते फुकट आहे.

विषयच शिकायचा असेल, तर पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग आहे. दिल्ली किंवा हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात जायचं असेल तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अर्ज हिवाळ्यात निघतात, परीक्षा साधारण मार्चमध्ये. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतरच परीक्षेच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. पदवीच्या निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष जातं. नोकरी सांभाळून करायचं असेल तर इग्नू.

कागदपत्रं : सर्व गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात पडताळणी, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच काढा. जात, उत्पन्न, नॉन-क्रीमिलेअरच्या प्रतिज्ञापत्रांना राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितला तर आणू नका. प्रवेशाच्या वेळी तपासणी झाली की मूळ प्रमाणपत्रं लगेच परत घ्या. ती ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे.

आता खरा खर्च. सरकारी विद्यापीठाची फी परवडते. खिसा रिकामा होतो तो क्षेत्रकार्यात. पाड्यावर किंवा गावात मुक्काम टाकून घरोघरी वंशावळी लिहायच्या, मुलाखती घ्यायच्या, उंची-वजनं मोजायची. एसटीचं भाडं, शेवटच्या टप्प्याची जीप, जेवणाची वर्गणी, पॉवर बँक, औषधं, वह्या, परत आल्यावर अहवालाची छपाई आणि बांधणी. हे फीच्या पावतीत कुठेच नसतं. म्हणून कार्यालयात न विचारता दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना विचारा : मागच्या वेळी कुठे गेलात, विभागाने किती दिलं, स्वतःचे किती गेले? मोजमापाची उपकरणं मात्र विकत घेऊ नका; ती विभागात असतात.

पुढे काय? भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्यात आहे, नागपुरात प्रादेशिक केंद्र. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. कायम पदांच्या जाहिराती क्वचित निघतात, प्रकल्पांतली कंत्राटी कामं जास्त. सही करण्याआधी मुदत, प्रवासभत्ता आणि पगाराची तारीख लेखी घ्या. आरोग्य प्रकल्प, संग्रहालयं, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचं ग्राहक-संशोधन, इथेही मुलाखती घेता येणारं आणि नीट लिहिणारं माणूस लागतं.

प्राध्यापकी हवी असेल तर नेट द्या. एमएला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये. खुल्या गटाला त्यासाठी वयाची अट ३० वर्षं. पण राज्यात हा विषय शिकवणारी महाविद्यालयं मोजकीच आहेत. फक्त प्राध्यापकीच्या भरवशावर हा विषय घेऊ नका.