झोपेची गोळी सोडताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या दोन गुरुवारी आपण गीतेच्या सहाव्या अध्यायातले १६ आणि १७ हे श्लोक घेतले. भगवंतांनी तिथे जेवणाबरोबर झोपेचंही माप सांगितलंय. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा सारखा जागणाऱ्यालाही नाही. त्यावर एका ताईंनी हळूच विचारलं, "माझी झोप तर गोळीवर आहे, मग माझं काय?" नंतर चार-पाच जणांनी वेगळा मेसेज करून तेच विचारलं. म्हणून आजचा स्वाध्याय यावर.

आधी आमची चूक सांगतो. मागच्या गुरुपौर्णिमेला आपल्यातल्या एका काकूंनी अल्प्राझोलामची स्ट्रिप पादुकांपाशी ठेवली आणि "आजपासून बंद" असा संकल्प केला. काका गेल्यापासून बारा वर्षं त्या दिवसातून दोनदा ही गोळी घेत होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर हात जोडल्याचे मेसेज येत राहिले. डॉक्टरांना विचारलंत का, हे एकानेही विचारलं नाही. दोन रात्री काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले आणि सकाळी मोरीपाशी त्यांना फिट आली. सून घरात होती म्हणून निभावलं. महाराजांना कळलं तेव्हा ते रागावले, पण काकूंवर नाही, आमच्यावर.

तर असं का होतं ते समजून घेऊ. आपल्या मेंदूला स्वतःचा ब्रेक असतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या तो ब्रेक जोरात दाबतात. महिनोन्‌महिने गोळी चालली की मेंदू आपला ब्रेक ढिला करून घेतो, कारण दाबणारा दुसरा कोणी आहे. मग एके दिवशी गोळी काढून घेतली तर गाडी उतारावर आणि ब्रेक नाही, अशी गत. छातीत धडधड, घाम, कंप, आणि झोप तर गोळी सुरू करण्याआधी होती त्याहूनही वाईट. माणसाला वाटतं, "बघा, गोळीशिवाय आपलं होणारच नाही." ते खरं नसतं. तो मूळचा आजार नव्हे, गोळी सुटण्याचा त्रास आहे आणि तो ओसरतो.

म्हणून पायरी-पायरीने उतरायचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०२५ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात दर २ ते ४ आठवड्यांनी सध्याच्या डोसच्या ५ ते १० टक्के कमी करून बघायला सांगितलंय. म्हणजे काम महिन्यांचं आहे, काहींना वर्षही लागतं. गोळी अर्ध्यावर आली की आता सोपं, असं वाटतं. पण शेवटचा तुकडा सोडणं बहुतेकांना जास्त जड जातं. एक दिवसाआड गोळी घेणं हा घरगुती उपाय तर मुळीच नको. लवकर उतरणारी गोळी असेल तर मेंदूला रोज नवा हिसका बसतो. किती कमी करायचं, मधेच थांबायचं का, गोळी बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. त्यांना चूर्ण, काढा, सर्दीचं औषध, दारू, काय चालू असेल ते सगळं सांगा. लाजू नका.

आणखी एक. शेजारच्या वहिनींची उरलेली स्ट्रिप घेऊन काम भागवणारे आपल्यात आहेत. २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दुकानदाराने रजिस्टरमध्ये रोग्याचं, डॉक्टरांचं नाव लिहून ते तीन वर्षं सांभाळायचं. पाकिटावरची लाल चौकट त्यासाठीच असते.

आता रात्रीचं बोलू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. काकूंनी नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठ महिने घेतले. त्या म्हणतात, डोस कमी केला की तीन-चार रात्री हमखास बिघडायच्या. पहिल्यांदा त्या पडून माळ ओढत राहिल्या, मनात एकच, आता लागेल झोप, आता लागेल. एकशे आठ झाले, झोप नाही, मग देवावरच राग. महाराजांनी त्यांना सांगितलं की झोपेसाठी नाम घ्यायचं नाही. नामाची गोळी केली की तिचाही हिशोब सुरू होतो. हे आम्हाला फार पटलं. झोपेवर पहारा ठेवला की ती येत नाही, हा अनुभव कोणाला नाही?

मग काकूंनी असं केलं. साधारण वीस मिनिटं झोप नाही आली की अंथरूण सोडायचं. घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीवरून काढूनच ठेवलं. देवघरापाशी मंद दिव्यात चटईवर बसायचं, वाती वळायच्या नाहीतर नुसतं बसायचं. डोळे जड झाले की परत अंथरुणात. रात्र कशीही जावो, काकड आरतीला पाचला उठायचंच. मग व्यंकटेश मंदिरापर्यंत उजेडात चालून यायचं. चार वाजल्यानंतर चहा बंद, दुपारची झोप बंद. नातवंडांबरोबर सराफ्यात रात्री बाराला जाणंही त्यांनी तेवढे महिने सोडलं. (भुट्ट्याचा किस मात्र घरी मागवला गेला, हे सुनेने सांगितलं.)

स्वप्नांबद्दल मुद्दाम सांगतो. या गोळ्या गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही दाबतात. गोळी कमी होते तशी स्वप्नं उसळून येतात, कधी भयंकर. काकूंना काका रोज दिसायचे, पाणी मागायचे. त्याला दृष्टांत समजू नका, कोणाकडून अर्थ काढून घेऊ नका, त्यासाठी शांती-पूजा मांडू नका. मेंदू सावरतोय, इतकंच.

घरच्यांनी रोज सकाळी "झोप लागली का?" विचारू नये. त्या प्रश्नाची धास्ती आदल्या रात्रीच बसते. मोरीच्या वाटेवर बारीक दिवा ठेवा, या दिवसांत म्हातारी माणसं पडतात. आणि ग्रुपवर रात्री दहानंतर सुविचार टाकू नका, ही विनंती आम्ही आधी स्वतःलाच करतोय.

कंप वाढला, बोलणं असंबद्ध झालं, भास व्हायला लागले, फिट आली किंवा जीव नकोसा वाटला तर वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. मन मोकळं करायचं असेल, सल्ला हवा असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, हिंदी-मराठीत बोलता येतं.

काकूंची गोळी आता बंद आहे. महिन्यातून दोन-तीन रात्री अजून जागतात, त्या रात्रींच्या वातींची वळी आरतीला घेऊन येतात.

ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून आज रात्री काहीही बदलू नये. आधी डॉक्टरांची वेळ घ्या. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला सतराव्या श्लोकाचा राहिलेला भाग घेऊ. चटया कमी पडतात, शक्य त्यांनी घरून आणाव्या.

जय गुरुदेव.