ब्रेक ऑइलमधील पाणी

वैनगंगेकाठच्या आमच्या वडशात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की डब्यातील मिठालाही पाणी सुटते. हवेतील बाष्प असेच शोषून घेणारा आणखी एक पदार्थ डिस्क ब्रेक असलेल्या मोटारसायकलवर, उजव्या मुठीजवळच्या लहानशा डबीत असतो. मेकॅनिक त्याला ब्रेक ऑइल म्हणतात. वास्तविक ते खनिज तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल वर्गातील द्रव असतो आणि पाणी त्यात सहज मिसळते. आपल्याकडे १९९९ साली सीबीझेड आणि २००१ साली पल्सर आली, तेव्हापासून पुढच्या चाकाला डिस्क असलेल्या गाड्या लहान गावांतूनही दिसू लागल्या. त्या काळातील गाडी तुमच्या घरी असेल, तर तिचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले हे विचारून पाहा.

या ब्रेकचे काम पास्कलच्या नियमावर चालते. समजा, बोटांनी लिव्हरवर ५० न्यूटन बल लावले. तरफेमुळे ते पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २५० न्यूटन बल पडते. दट्ट्याचा व्यास १२ मि.मी. धरला, तर द्रवातील दाब वातावरणाच्या सुमारे २२ पट वाढतो. हाच दाब नळीतून कॅलिपरमधील ३० मि.मी. व्यासाच्या दट्ट्यावर येतो. त्याचे क्षेत्रफळ सव्वासहा पट असल्याने पॅड डिस्कवर सुमारे १५६० न्यूटन बलाने दाबला जातो.

आता दुसरी बाजू पाहा. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १ सें.मी. सरकला, तर पुढे जाणारा द्रव जेमतेम १ घ.सें.मी. भरतो. द्रव दबत नाही म्हणून एवढासा द्रव पुरतो. पण नळीत १ घ.सें.मी. हवा शिरली असेल, तर बॉइलच्या नियमानुसार या दाबाखाली ती तेविसाव्या हिश्श्याएवढी होईल आणि दट्ट्याची जवळजवळ सगळी चाल हवा दाबण्यातच खर्ची पडेल. सुई काढलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, सलाईनच्या नळीने जोडून हे वर्गात करून पाहता येते. एकदा नुसते पाणी भरा, एकदा मध्ये हवेचा बुडबुडा ठेवा. फरक अंगठ्यालाच कळेल.

हवा नसली तरी वाफ तेच करते. गाडी, चालक व मागे बसणारा मिळून २८० किलोग्रॅम वजन ताशी ६० कि.मी. वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३९,००० जूल होते. ब्रेक मारल्यावर यातील ७० टक्के ऊर्जा एक किलोग्रॅमच्या पोलादी डिस्कमध्ये उतरली, तर तिचे तापमान एका दमात सुमारे ५५ अंशांनी चढते. कोरचीहून कुरखेड्याकडे येताना बेडगावच्या घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक लावावा लागतो आणि उष्णता डिस्ककडून पॅडकडे, पॅडकडून दट्ट्याकडे व तेथून द्रवाकडे जाते. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले, तर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट होते, म्हणजे १ घ.सें.मी. वाफेला पाण्याच्या एका थेंबाचा ऐंशीवा भाग पुरे. मग लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, लिव्हर पूर्ववत कडक लागते आणि मेकॅनिकला दोष सापडत नाही!

म्हणून हा द्रव साधारण दर दोन वर्षांनी बदलावा. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच द्रव घ्यावा, तोही सीलबंद बाटलीतला. कपाटात उघडी राहिलेली बाटली कामाची नाही. काम जाणत्या मोठ्या माणसाबरोबर करा. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील थोड्या नव्या द्रवात बुडवा. एकाने लिव्हर दाबून धरावी, दुसऱ्याने पान्याने निपल सैल करावे आणि ते पुन्हा आवळल्यावरच पहिल्याने लिव्हर सोडावी. हा क्रम चुकला तर हवा आत ओढली जाते. नळीतून स्वच्छ, बुडबुड्यांविना द्रव येईपर्यंत हे करत राहा. डबी मात्र रिकामी होऊ देऊ नका. टाकीवर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो.

डबीतील पातळी उतरलेली दिसली की वरून द्रव ओतण्याची घाई अनेकजण करतात. आधी पॅड पाहावेत. पॅड झिजले की दट्ट्या तेवढा बाहेर राहतो आणि त्यामागची जागा भरायला डबीतलाच द्रव जातो. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल, तर गळती शोधावी.

आपल्याकडे सर्रास दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे कॅलिपर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणे. त्याने दट्ट्याभोवतीचे रबरी सील फुगते. लिव्हर सोडल्यावर हेच सील आपल्या स्थितिस्थापकतेने दट्ट्याला केसभर मागे खेचते. ते बिघडले किंवा दट्ट्यापाशी चिखल साचला, तर पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलून धरा, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. ते सहज फिरत नसेल, तर कॅलिपर उघडायची वेळ झाली आहे.