लॉजवर आधारची झेरॉक्स द्यावी का?

प्रश्न : लॉजवर खोली घेताना काउंटरवर आधारची झेरॉक्स ठेवून घेतात. नाही म्हणता येतं का?

उत्तर : ओळखपत्र दाखवावंच लागतं, पण ते आधारच असायला हवं असं नाही; लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा. आधारच द्यायचं तर ‘मास्क्ड आधार’ द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते डाउनलोड होतं आणि त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्सवर तिरप्या रेघा मारून तारीख, लॉजचं नाव आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं लिहा. अक्षरं थोडी फोटोवर चढू द्या. मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे. झेरॉक्सचे हे गठ्ठे शेवटी रद्दीतच जायचे! ‘व्हॉट्सअॅपवर फोटो टाका’ म्हणाला, तर मात्र साफ नकार द्या.