रेडिओ-ट्रकला झाकण कोणत्या कपड्याचे?

कपड्याच्या व्यापाऱ्याने खेळातल्या ट्रकवर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण कपड्याच्या एका तुकड्यामुळेच आमच्या घरी मोटार जळाली. नुकसान झाले, पण तजुर्बा मिळाला. तो दुकानदार, कारागीर आणि शौकीन, तिघांच्याही उपयोगाचा आहे.

माझ्या भाच्याकडे बॅटरीवर चालणारा, असली ट्रकच्या दहाव्या हिश्श्याएवढा रेडिओ-ट्रक आहे. मैदानात दोन-तीनदा चालवला आणि खडा अडकून दातेरी चाकाचे दात गेले. "मामू, तुमच्याकडे एवढा कपडा आहे, याला झाकण शिवून द्या," तो म्हणाला. मी छत्रीचा घट्ट विणीचा कपडा घेऊन चारी बाजूंनी शिवून दिला. धुळीचा कणही आत गेला नाही. पण हवाही गेली नाही. थोड्याच वेळात मोटारीला जळका वास आला. दोष ट्रकचा नव्हता, कपडा निवडणाऱ्याचा होता.

आता मुद्द्यावर येऊ. घाण नेमके काय करते?

१) मोटारीच्या टोकाला लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन असते. ते मोठे स्पर चाक फिरवते. स्पर बहुधा प्लास्टिकचे असते. मध्ये खडा आला की त्याचे दात उडतात किंवा मोटार अडते. अडलेली मोटार जास्त करंट ओढते आणि तापते.

२) बेअरिंगमध्ये बारीक रेती शिरली की तेलात मिसळून ती पॉलिशच्या लेपासारखी धातू झिजवते.

३) शॉकच्या दांडीवरची रेती आतली रबरी कडी खाते आणि तेल गळू लागते.

४) इंधनावर चालणाऱ्या ट्रकमध्ये हवेच्या फिल्टरचा फोम कोरडा असेल तर धूळ थेट इंजिनात जाते. पिस्टन खराब झाला की खर्च मोठा. म्हणून फोम साफ करून, फिल्टरचे तेल लावूनच बसवावा.

उपाय नवा नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर ही रेतीत धावणारी गाडी काढली. तिचा रेडिओ पारदर्शक बंद पेटीत ठेवला होता. यातून धडा असा: जे फारसे तापत नाही ते बंद ठेवा, जे तापते त्याला हवा द्या.

कपडा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सूती कपडा नको. तो पाणी धरतो आणि त्याचे धागे सुटून दांड्यांना गुंडाळतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची बारीक जाळी घ्यावी. कापलेली कड गरम करून बंद करता येते. दुसरी, कपडा तोंडाला लावून फुंकर मारावी. हवा सहज पार झाली पाहिजे. मग त्यावर मूठभर रेती टाकून हलवावे. खडे वरच राहिले पाहिजेत. तिसरी, झाकण वेल्क्रोने बसवावे, म्हणजे काढून धुता येते. फिरणाऱ्या कोणत्याही भागाला ते लागू नये.

झाकण असले तरी साफसफाई सुटत नाही. प्रत्येक वेळी आधी बॅटरी काढावी. मऊ ब्रशने धूळ झाडावी. हवेचा झोत बेअरिंगवर सरळ मारू नये, रेती आत ढकलली जाते. उघड्या दातेरी चाकांना ग्रीस लावू नये, त्याला रेती चिकटते. स्क्रूच्या डोक्यातली माती आधी काढावी, नाहीतर खाच गोल होते. नवे झाकण घातल्यावर पाच मिनिटे चालवून मोटारीजवळ हात न्यावा. नेहमीपेक्षा जास्त धग लागली तर जाळी मोकळी करावी.

शिलाईचे काम करणाऱ्या भावांना एक सल्ला. कटपीसमधून अशी झाकणे तयार होऊ शकतात. पण आधी एकाच ट्रकवर, उन्हात, पूर्ण बॅटरी संपेपर्यंत तपासा. शिलाई, वेल्क्रो आणि वाया जाणारा माल धरूनच दर ठरवा. बारीक धूळ जाळीतून थोडी जाणारच, हे ग्राहकाला विकण्याआधी सांगा. 'एक कणही जाणार नाही' असे वचन मीही घरी दिले होते. ते पाळले, आणि त्यातच मोटार गेली.