शिक्का बदलला, चांदी तीच

१ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा जुनी नाणी काही काळ नव्यांच्या जोडीने चालू ठेवण्यात आली. आण्याचे सव्वासहा नवे पैसे, हा त्रासदायक हिशेब वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. नाशिकच्या भूमीने मात्र याहून कितीतरी जुना चलनबदल पाहिलेला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे अक्षयनीवी म्हणून ठेवले. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० होते. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. हिशेब चोख आहे. हे कार्षापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. मग गावोगावच्या गाठोड्यांतील, श्रेणींच्या पेट्यांतील शत्रूच्या नावाच्या चांदीचे काय व्हावयाचे?

याचे उत्तर १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे सापडले. तेथील साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपले ठसे उमटविलेले आहेत: एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जैन-चिन्ह. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा व अक्षरे अजून डोकावतात. नाणी वितळवून नव्याने पाडण्याचा खर्च त्यामुळे वाचला, आणि विजयाची वार्ताही हातोहात पोहोचली. वजन व चांदी तीच राहिल्याने धारकाचेही नुकसान झाले नसावे. आमच्या मते हीच या व्यवस्थेची खरी दूरदृष्टी होय.

जमिनीबाबतही असेच घडले. उषवदाताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तने शेत गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी भिक्षूंना दिले. ती आज्ञा तिसऱ्या लेण्यात कोरलेली आहे.

जोगलटेंभीची उरलेली सुमारे चार हजार नाणी नव्या ठशाविनाच होती. साठा करणाऱ्याने ती वेगळी काढली नव्हती. ठसा असलेल्या नाण्यांतच ती मिसळून ठेवलेली होती.