पाहणे पुरेसे आहे

वसंताच्या सुरुवातीला मुलाला भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जरूर न्यावे. तेथील शिळेवर जुन्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १९३८ मध्ये एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. मूल विचारेल, ‘इतके का मारले?’ सांगावे, ‘तेव्हा त्यांना नुसते पाहणे पुरेसे वाटत नव्हते.’

मग दुर्बीण त्याच्या हाती द्यावी आणि दोघांनी शांत बसावे. डोक्यावर काळे पट्टे असलेले पट्टकदंब या दिवसांत हिमालय ओलांडून परतण्याच्या तयारीत असतात. ते उडाले की मूल हिरमुसेल. त्या क्षणी आपणही त्याच्यासोबत आकाशाकडे पाहत राहावे. आवडलेले हस्तगत न करता त्याचा आनंद घेणे, हाच अहिंसेचा पहिला पाठ. मूल तो आपल्या बोलण्यातून नव्हे, वागण्यातून शिकते.